चिंचेच्या सावलीला काय लावावं

२४ फेब्रुवारी
रेखाचा फोन. सातवा लागला, बाळंतपणाला माहेरी येतेय. आमच्या पत्र्याखाली दुपारी पोरगी उकडून निघेल. घरामागं चिंचेखाली गारवा असतो, पण जागा कसली, उकिरडाच. भांड्यांचं पाणी, राख, फुटकी टोपली, सगळं मीच टाकत आले. साफ करायची. सावलीत फुलं रुसतात, तेव्हा पानांचीच झाडं. अन् चिवट पाहिजेत. नळाचा भरवसा नाही, आणि अंगणवाडीतून घरी येईपर्यंत माझाही नाही.

२६ फेब्रुवारी
हिंगोलीला मीटिंग. येताना रोपवाटिकेत शिरले. तिथला माणूस दर झाडाला एकच बोलत होता, "याला काही होत न्हाई, ताई." म्हटलं, मग तुमच्या दारातलं हे काहून वाळलं? हसला नुसता. शेवटी स्नेक प्लांट (ऊन नको, पाणी नको, लाड तर नकोच), सिंगोनियम, मनी प्लांट. अळूचे कंद शेजारणीकडून.
ह्यांचं म्हणणं, चिंचेखाली काही येत नसतं. न येणाऱ्या गोष्टींची ह्यांना फार माहिती.

२७ फेब्रुवारी
सकाळी टिकाव घेऊन मागं गेले. दोन घाव घातले असतील-नसतील, सासूबाई काठी टेकत आल्या. एरवी ओट्यावरून उतरत नाहीत.
"खंदू नको. कुंड्यात लाव."
का, ते सांगेनात. मी परत टिकाव उचलला तर दांडाच धरला. "अन् रेखीला तिथं बसवू नको."
अंगणवाडीत चित्त नाही. एकाच लेकराचं दोनदा वजन केलं.

२८ फेब्रुवारी
कळलं.
हे शेतात गेल्यावर सासूबाईंपाशी बसले. "आत्याबाई, काय हाय तिथं?" मग म्हणाल्या, "तुजी पयली."
रेखाच्या आधीची. एका दिवसाची गेली. रडलेली ऐकली होती, धड पाहिली नाही. मला तापात शुद्ध नव्हती. मामंजींनी पुरायला नेली. आमच्यात आईला जागा सांगत नाहीत, आईनंही विचारायचं नसतं. मी विचारलं नाही. बायकांच्या बोलण्यावरून धरून चालले की शेतात, ओढ्याकाठच्या बाभळीखाली.
"ओढा भरला व्हता त्या दिवशी. पलीकडं जाता येईना. तुज्या सासऱ्यानं हितंच ठिवली. कुनाला बोलू नको म्हनला."
म्हणजे इतकी वर्षं मी त्या बाभळीला हात जोडले. दर हंगामात तुरीची पहिली शेंग तिच्या बुडाशी ठेवली. तिथं कुणी नव्हतंच. आणि होती तिथं मी खरकटं ओतत आले. माझ्या हातानं. रोज.
राग कुणावर काढावा, मामंजी तर नाहीत. सासूबाईंवर काढला. त्या पदर तोंडाला लावून बसून राहिल्या. जेवल्या नाहीत, मीही ताट वाढलं नाही.

२ मार्च
ह्यांना विचारलं.
"मले ठावं न्हवतं. मी डॉक्टर आनायला सेनगावला गेलतो. आलो तवा सगळं झालं व्हतं."
"मंग तुमी विचारलं न्हाई?"
"बापाला काय विचारावं?"
तोंड धुवायला गेले ते लवकर आलेच नाहीत.

४ मार्च
नक्की कुठं, ते सासूबाईंनाही सांगता येईना. दगड ठेवला होता म्हणे, भिंत घालताना कुणीतरी उचलला. काठीनं दाखवतात, पण दर वेळी वेगळीकडं. बहुतेकदा बुंध्याच्या उजव्या अंगाला.
तेव्हा टिकाव बंद. अळू रद्द. कंदाला खोल लागतं, अन् पुढं उकरावं लागतं. स्नेक प्लांट कुंड्यांत, कडेनं. सिंगोनियम, मनी प्लांट बोटानं भोक पाडून. ते वरच्यावर पसरतात, कुणाला धक्का नाही. उजवीकडची जागा मोकळीच ठेवली. भांडी आता पुढच्या मोरीत.
पाणी घालताना पाय उचलून टाकते, निजलेल्या लेकराजवळून जावं तसं. मागून कुणी बघतंय असं वाटतं. भीती नाही वाटत. लाज वाटते.

७ मार्च
सिंगोनियमला नवं पान. गुंडाळलेलं, फिकट. मला बघवलं नाही, आत आले.
अंगणवाडीत कुणी तान्हं रडलं की मान आपोआप घराकडं वळते. मदतनीस म्हणाली, "मॅडम, घरी कुनी हाय का बाळंतीन?" म्हटलं, येणार आहे.
शेतात गेले, बाभळीकडं पाहिलं नाही. मग तिचंच वाईट वाटलं. इतकी वर्षं तिनं माझं ऐकून घेतलं.

११ मार्च
रेखा आली. पाय सुजलेत, बाकी बरी.
सासूबाई कानाशी लागल्या, "पोटुशी हाय, सांगू नको." ह्यांचं, "बाळंतपन होऊ दे, मंग पाहू." दोघांचं एकमत होणं म्हणजे नवलच.
पण मलाही असंच 'मग पाहू' म्हणून ठेवलं होतं ना? आणि सांगितलं आणि तिनं धसका घेतला तर? तिच्या पोटाला काही झालं तर मी कुठं तोंड दाखवू?

१३ मार्च
दुपारी रेखा खुर्ची घेऊन थेट चिंचेखाली. सासूबाई ओट्यावरून हाका मारून दमल्या. ही म्हणते, "किती गार हाय इथं. आजीला काय होऊन राहिलं?"
झाडं बघत हिंडली. मग म्हणाली, "आई, इथंच मोकळं काहून ठेवलं? इथं बी लाव ना." मनी प्लांटचा एक तुकडा खुडला, खुरपं घेतलं आणि पोट सावरत खाली बसायला लागली.
"उकरू नको!" केवढ्यानं ओरडले मी.
दचकली. "काय हाय इथं?"
सासूबाई ओट्यावरून मान हलवत होत्या, नको नको. तिला खुर्चीत बसवलं, मी तिच्या पायाशी मातीत बसले. सांगायचंच ठरवलं. तोंड उघडलं आणि अडले. नाव काय घेऊ? बारसं झालंच नाही, नाव ठेवलंच नाही. तुझी थोरली बहीण म्हणावं तर ती एका दिवसाची.
चहा आणते म्हणून आत आले आणि हे लिहीत बसलेय. चहा ठेवलेलाच नाही. ती बाहेर हाका मारतेय, "आई, सांग की. मी उठून येऊ का?"