न घेतलेल्या निर्णयाचा सत्कार

वडगाव मावळ,
भाद्रपद

प्रिय सुषमा,

तुझ्या नावाआधी 'डॉक्टर' लिहायला हवं, हे मला कळतं. पण पेन तुझ्या नावापाशी आलं आणि परकर वर खोचून स्टेशनवरून धावत येणारी पोरगी दिसली. तिला डॉक्टर म्हणावं तर ती हसेल. म्हणून राहू दे. फोन का केला नाही, असं विचारशील. फोनवर समोरून 'हॅलो, हॅलो' आलं की वर्गात कविता म्हणताना मधलंच कडवं विसरावं तसं माझं होतं. कागदावर मी सावकाश चालतो. वाटेत थांबतो, जरा इकडंतिकडं बघतो. तुला घाई असली तर हे पत्र पुण्याहून लोकलमध्ये वाच, घोरावाडीपर्यंत संपेल.

इकडं भातं निसवायला लागलीत. सकाळी खाचरांवरून वारा येतो तेव्हा ओटा सोडवत नाही. समोरून लोकल जाते आणि माझ्या कानांत तिचा भुजंगप्रयात सुरू होतो, लगागा लगागा लगागा लगागा. तुझ्या बाई, म्हणजे आमची येसू, याला हसायच्या. म्हणायच्या, "मास्तर, तुम्ही वृत्तात राहता आणि मी वेळापत्रकात. एका घरात दोघांचं कसं निभावलं कोण जाणे." पण खरं सांगू? लोकलचं वेळापत्रक त्यांना जितकं पाठ होतं तितकी मला एकही कविता पाठ नव्हती. लोणावळ्याकडून येणारी गाडी उशिरा आली की त्या पहिल्या तासाची घंटाच देऊ द्यायच्या नाहीत. शिपाई विचारायचा, "बाई, वाजवू का?" बाई म्हणायच्या, "पोरी कुठायत? भिंतींना शिकवू?"

बाईंच्या कॉलेजच्या संचालकांनी तुला प्राचार्य म्हणून बोलावलंय, आणि हैदराबादच्या संस्थेनंही त्यांचा मोठा विभाग सांभाळायला बोलावलंय, हे तू मागच्या खेपेला सांगितलंस. दोघांनाही दिवाळीनंतर कळवते म्हणालीस. चहा गार झाला, तू दुसरा केलास, आणि आपण पावसावर बोलत बसलो. तुला वाटलं असेल, म्हाताऱ्याला ऐकू आलं नाही. सगळं ऐकू आलं होतं.

तुला पहिल्यांदा पाहिलं तो दिवस आठवतोय. वलवणच्या वर तुमची वाडी, आवणीचे दिवस, रोपं लावायला सगळं घर चिखलात. तू बारावी झाली होतीस आणि तुझा बाप कोंडू म्हणत होता, "आता बास झालं. लय शिकली." मी बांधावर छत्री धरून उभा, बाईंचं सामान सांभाळणारा माणूस. मला वाटलं, बाई आता शिक्षणाचं महत्त्व वगैरे सांगतील. बाईंनी पदर खोचला, चपला माझ्या हातात दिल्या आणि सरळ खाचरात उतरल्या. शेतकऱ्याच्याच घरातली ती, हात काही विसरला नव्हता. तुझ्या आईच्या, सावित्राबाईच्या, शेजारी ओळ धरली आणि बघता बघता पुढं काढली. सावित्राबाई कंबर सरळ करून म्हणाली, "अगं बया! बाई, तुमाला तर रोजावर ठेवाया पायजे." बाई मान वर न करता म्हणाल्या, "ठेवा की. मला ठेवा, अन् ही पोरगी मला द्या." अख्खं खाचर हसलं. कोंडूसुद्धा हसला, आणि हसलेल्या माणसाला नंतर नाही म्हणणं जड जातं.

ती थट्टा नव्हती, हे पुढच्या रविवारी कळलं. बाई खरंच आल्या, बरोबर दोन प्राध्यापिका आणि वरच्या वर्गातल्या सात-आठ पोरी. मावळात सावड असते. आज मी तुझ्या शेतात राबायचं, उद्या तू माझ्या. बाईंनी सगळं कॉलेज सावडीवर चालवलं. जिच्या घरी हात कमी, तिच्या खाचरात रविवारी कॉलेज उतरायचं, आणि मग ती पोरगी सोमवारपासून वर्गात. संचालक मंडळातले काही शहाणे म्हणाले, प्राचार्यांनी चिखलात उतरणं शोभत नाही. बाईंनी त्यांनाच पुढच्या रविवारचं बोलावणं धाडलं. आलं कुणी नाही, पण शोभण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

हे तुला ठाऊकच आहे. तरी लिहितोय, कारण परवा तू म्हणालीस, "आबा, बाईंचं माझ्यावर जे आहे ते फेडायचं तर परत यायलाच हवं ना?" तुझा तो 'ना' माझ्या मनातून जात नाही. अगं, सावडीचा नियम तू वाडीत वाढलेली, तुला मी सांगायचा? दिवसाला दिवस दिला की संपलं. माणूस आयुष्यभर बांधला गेला तर ती सावड कुठली, ती वेठ. शिकत होतीस तेव्हा किती पोरींच्या खाचरात तू उतरलीस! तुझा दिवस केव्हाच पोचला.

आता जे सांगतो ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. तू एम.ए.ला पुण्यात होतीस तेव्हाची गोष्ट. विदर्भातल्या एका विद्यापीठानं स्त्रियांच्या उच्च शिक्षणाचा नवा विभाग काढला आणि तो उभा करायला बाईंना बोलावलं. त्या पत्राबद्दल घरात आम्ही दोघंच बोललो. मी म्हणालो, तुला वाटेल तसं कर, मला कुठंही शाळा मिळेल, आणि शाळा नाही मिळाली तर कविता मिळतीलच. आठवडा तिनं तसाच जाऊ दिला. मग एका संध्याकाळी लोणावळ्याहून आली ती टेबलपंखा घेऊन. आपल्याकडं पंखा कशाला, असं मी विचारलं नाही. विदर्भातलं ऊन मला ठाऊक होतं. खोकं कपाटावर ठेवून ती म्हणाली, "असू द्या. घेतला म्हणजे निघालेच असं नाही." पण त्या रात्री जेवताना ती गुणगुणत होती. येसू गुणगुणते हे मला लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कळलं!

बातमी गावात फुटलीच. आणि आपल्या लोकांची तऱ्हा तुला माहीत आहे. बाईंना तोंडावर 'जाऊ नका' म्हणायची कुणाची छाती नव्हती. मग आपल्या भिमाजीनं, तो तेव्हाही संचालक मंडळाचा अध्यक्षच, डोकं चालवलं. त्यानं बाईंचा जाहीर सत्कार ठेवला. कशाबद्दल? न गेल्याबद्दल! बाईंना सांगितलं, पालकांचा मेळावा आहे. त्या गेल्या तर मांडव, सनई, माईक. वाड्यावाड्यांवरून बायका उतरलेल्या. तुझी आई सगळ्यांत पुढं, ओटी भरायला आपल्या खाचरातले तांदूळ घेऊन. भिमाजी भाषणाला उभा राहिला. "बाईंनी मोठ्या खुर्चीला लाथ मारली! कुणासाठी? आपल्या पोरींसाठी!" टाळ्या थांबेनात. शाळा सुटल्यावर मी पोचलो तेव्हा बाईंच्या खांद्यावर शाल होती, ओटीत तांदूळ, आणि दोन म्हाताऱ्या त्यांच्या पाया पडत होत्या. बाई बोलायला उभ्या राहिल्या. शाल सावरून माईक धरला. मग म्हणाल्या, "पहिला तास उद्या नेहमीच्या वेळी सुरू होईल." आणि बसल्या. तेच वाक्य आता कॉलेजच्या भिंतीवर रंगवलंय. तू त्याच्याखाली फोटोही काढलायस.

घरी जाताना रेल्वे फाटक बंद होतं. आम्ही उभे राहिलो. मालगाडी लांबलचक होती, संपेचना. ओटीतले तांदूळ सांभाळत ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "मास्तर, मी अजून ठरवलं नव्हतं हो."

एवढंच. पुन्हा त्यावर आम्ही बोललो नाही. पंखा तिनं कॉलेजच्या वाचनालयाला देऊन टाकला.

ती दुःखी होती असं समजू नकोस. तिनं कॉलेज मोठं केलं, पोरींचं वसतिगृह बांधून घेतलं, तुम्हा सगळ्यांच्या पदव्या बघितल्या, आणि मनापासून बघितल्या. कदाचित कुणी न अडवता ती इथंच राहिली असती. मला तर तसंच वाटतं. पण मग ते राहणं तिचं असतं. लोकांनी तिच्याकडून नेमकं तेच काढून घेतलं, आणि वर शाल घातली. कॉलेजच्या सभागृहात त्या ओळीनं तसबिरी आहेत ना, पहिल्या शाळा काढणाऱ्या, पहिली कॉलेजं चालवणाऱ्या बायकांच्या, त्या ती स्वतः पुसायची. एकदा फडका हातात धरून म्हणाली, "यांच्या प्रत्येकीच्या चरित्रात त्याग, त्याग, त्याग. एकीला तरी कुणी विचारलं का, बाई, तुला काय हवं होतं?" मी स्टूल धरून उभा होतो. आता तिचीही तसबीर त्याच ओळीत आहे. दरवर्षी पुण्यतिथीला तिच्या त्यागावर भाषणं होतात आणि मी पहिल्या रांगेत बसून ऐकतो.

आता पत्राचं कारण. काल भिमाजीची नात प्रेरणा येऊन गेली. कॉलेजात नवीच शिकवायला लागलीय, धीट आहे. म्हणाली, "आबा, मी दाखवलं म्हणून सांगू नका," आणि मोबाईल माझ्यापुढं धरला. रविवारी बाईंच्या स्मृतिव्याख्यानाला तुला बोलावलंय ना, त्या दिवसाचा फ्लेक्स छापून आलाय. तुझा हसरा फोटो, आणि खाली 'प्राचार्यपद स्वीकारल्याबद्दल जाहीर सत्कार'. आज सकाळी भिमाजीही काठी टेकत आला. त्याच्या मनात कपट नाही गं. हे कॉलेज नसतं तर त्याच्या घरातल्या मुली शिकल्या नसत्या, आणि तू नाही आलीस तर ते बंद पडेल ही धास्ती खरी आहे. म्हणाला, "मास्तर, नारळ तुमच्या हातनं द्यायचा. तुमी दिला की ती न्हाई म्हनायची न्हाई." मी त्याला हो म्हटलं नाही, आणि नाही म्हणण्याआधी हे लिहायला बसलो. सुषमा, रविवारी येऊ नकोस. व्याख्यानाला येता येत नाही, एवढंच कळव. बाकीचं त्यांना मी सांगतो. माईक हातात घेऊन सांगतो, की तिनं अजून ठरवलेलं नाही. तू इथं यावंस असं मला फार वाटतं. इतकं, की ते या कागदावर उतरू नये म्हणून मघापासून जपतोय. पण तू हैदराबादला गेलीस तरी मी तुला स्टेशनवर पोचवायला येईन आणि गाडी हलल्यावर रडणार नाही, निदान तू खिडकीत असेपर्यंत. आणि इथंच यायचं ठरवलंस, तर एखाद्या साध्या मंगळवारी ये. मांडव नको, सनई नको. कचेरीत खुर्ची ओढून बस, पाणी माग, आणि तुझ्या अटी सांग.

तुझ्या उत्तराची, ते कुठलंही असो, वाट बघणारा
तुझाच,
आबा