विस्तव मागेपर्यंत

१४ मे
एटापल्लीच्या बाजारात तूरडाळीचा भाव विचारला. दुकानदार म्हणाला, "पाहून घ्या सर, पाह्याचे पैसे नाई." तेल का वाढलं? — "तिकडं लढाई चालू हाय ना." तिकडं म्हणजे कुठे, ते त्यालाही माहीत नाही. संपादकांना महागाईवर मालिका हवी आहे. जंगलातली माणसं काय खातात, ते लिहा म्हणे. उद्या डोमाच्या गावी.

१५ मे
डोमा इतकी वर्षं मला बातम्यांसाठी रानात फिरवतो, पण त्याच्या घरी आज प्रथमच जेवलो. जेवलो म्हणजे आंबील प्यायलो. हिवाळ्यात व्यापारी दारात आला. परदेशात मागणी आहे म्हणून कधी नव्हे असा भाव दिला. गावाने कोठ्या झाडून धान विकलं. आता तोच तांदूळ परवडत नाही आणि रेशनचा पंधरवड्यात संपतो.
"भाव आला तं विकून टाकलो," डोमा म्हणाला. "पोटाले इचारलोच नाई."
पाठशाळेत मी अन्नाला ब्रह्म म्हणायला शिकलो. ब्रह्म निर्यात होतं, हे गुरुजींनी सांगितलं नव्हतं.

१६ मे
गाव कडूकांद्यावर आलं आहे. रानातला विषारी कंद. काप करून टोपलीत भरायचे, वाहत्या नाल्यात ठेवायचे. विष पाणी घेऊन जातं. यंदा नाला करंगळीएवढा. त्या धारेत ओळीने टोपल्या — पाण्यात मान घालून बसलेल्या माणसांसारख्या. मी तिथे फार वेळ थांबलो नाही.
टोपल्या निघाल्या की आधी एकट्या बुधरीबाई खातात. गावात सगळ्यात वडील त्या. बाकीचे दुसऱ्या सकाळपर्यंत थांबतात. तोवर बाईंना कुणी नावाने हाक मारायची नाही. न्यायला येईल त्याला नाव कळू नये. सकाळी बाई बाहेर येऊन शेजारी विस्तव मागतात. मग नावाने हाक, मग सगळ्यांच्या चुली.
आणि विस्तव नाही मागितला तर?
"टोपल्या नाल्यात उलटवतो," डोमा म्हणाला. "मंग मानसाकडं पाह्यतो."

१७ मे
ऊन. भूक. मालिकेचा पहिला भाग पाठवायला रेंज नाही.

१८ मे
टोपल्या निघाल्या. बुधरीबाईंनी वरचा पातळ काप घेतला. मी म्हटलं, बाई, एकट्याच जेवता, पाहुण्याला विचारतही नाही.
"तुमी पेपरात लिवा भाऊ. खाऊ नोका."
मालिकेला चव तर हवी. तळातला एक जाड काप उचलला आणि तोंडात टाकला. घशाला जरा खाज. बाकी बटाटा.
डोमाची बायको रीना लाकडं रचत होती, तिने ती एकेक करून चुलीतून परत काढली.
"आता दोघायची वाट पाहा लागते," बाई म्हणाल्या. हसल्या नाहीत.
तेव्हापासून मी 'ते'. "त्यायले पानी द्या." "ते झोपले का?" नाव गेलं, रूप उरलं — वेदान्ती याला अर्धा मोक्ष म्हणतील. डोमाला म्हटलं, अरे, गुणवंतराव म्हण की एकदा. तो माझ्या मागच्या भिंतीकडे पाहत राहिला.
जीभ जड आहे. विडा चघळत असल्यासारखी.

१९ मे, सकाळ
बुधरीबाईंचा आवाज! विस्तव मागताहेत. सगळे त्यांना नावाने हाका मारताहेत. आता माणसं माझ्या दाराशी आली. डोमा उंबऱ्यावर वाकून कान देऊन उभा आहे. मी विस्तव मागितला. पुन्हा मागितला. अक्षर नीट येतं आहे, हात हलतो आहे; उठून बाहेर जावं तर पाय तेवढे उचलत नाहीत. डोमाने मात्र काही ऐकलेलं दिसत नाही.

थोड्या वेळाने
दाराशी कुणी नाही. नाल्याकडून टोपल्या उलटवल्याचा आवाज येतो आहे.