कुंपणाआतला कढीपत्ता

१४ जून २०२१

क्रेन हलली!

चहा गॅसवर तसाच टाकून खाली धावले. एका पायात सपाता, दुसऱ्यात घरातली चप्पल. रस्ता ओलांडून गेटपाशी पोचले तेव्हा साइटचा वॉचमन बॅरी खुर्चीत बसून सँडविच खात होता. हसला. "जस्ट द विंड, लव्ह. काम बंद असलं की ते तिला मोकळी सोडतात. वारा फिरवतो."

वाराच. चौदा महिने बंद पडलेली क्रेन, आणि मी वाऱ्याने घाबरले.

वर आले तर चहा उतू गेलेला. दुसरा केलाच नाही. खिडकीत उभी राहिले. सगळं जागच्या जागी होतं — पत्र्याचं कुंपण, त्यावरचं बाल्कनीत वाईन पिणाऱ्या जोडप्याचं चित्र (बाई उन्हाने निळी पडलीय), आत हिरवं पाणी साचलेला खड्डा, आणि कोपऱ्यात आमचं कढीपत्त्याचं झाड. झाडाच्या बेचक्यात कुंडी. कुंडीत दीनानाथ.

जन्मभर त्यांचं नाव घेतलं नाही. इथे लिहिते. कागदाला काय सांगायचं, "हे" म्हणजे कोण!

१५ जून

झोप नीट नाही. काल क्रेन खरंच चालू झाली असती तर? एकदा सगळं लिहून काढते, म्हणजे डोकं थांबेल.

तो खड्डा म्हणजे आमचं घर. तीन मजली विटांची बिल्डिंग, तळमजला, सतरा वर्षं. बिल्डरने सगळी बिल्डिंग घेतली तेव्हा बाकीचे चेक घेऊन समुद्रापासून आत, लांबच्या वस्त्यांत गेले. दीनानाथ गिरगावचे. त्यांच्या डोक्यात एकच — जुन्या जागेच्या बदल्यात नवी जागा, तिथल्या तिथे. या देशात तशी पद्धत नाही, हे बिल्डरच्या माणसाने तीनदा सांगितलं. यांनी चौथ्यांदा विचारलं. शेवटी नव्या टॉवरमधला सहावा मजला बुक केला. "शैला, समोर समुद्र. देवघर पूर्वेला." आणि आम्ही समोरच्या बिल्डिंगमध्ये भाड्याने आलो, लक्ष ठेवायला.

फेब्रुवारी वीसमध्ये ते गेले. ते आचारी होते त्या कॅसिनोच्या किचनमध्येच, बुफेची तयारी चालू असताना. छातीत कळ, संपलं.

इथे मूठभर अस्थी देत नाहीत. अख्खा माणूस दळून देतात. तीन किलो, प्लॅस्टिकच्या डब्यात. मी म्हटलं, गोदावरीत नेईन, त्यांच्या आईला नेलं तिथेच. डबा पंधरा मार्चला हाती आला, तिकीट चोवीस मार्चचं. तोवर अस्थी घरात ठेवायच्या नाहीत, झाडाला बांधायच्या. प्लॅस्टिकच्या डब्यात तरी कशा बांधणार? मडकं मिळेना. हार्डवेअरच्या दुकानातून मातीची कुंडी आणली. तिला तळाला भोक. ते कणकेने बुजवलं, वर त्यांच्या पांढऱ्या एप्रनचं फडकं बांधलं. आणि झाड तर त्यांनीच लावलेलं! बॅरीने शिडी लावून वर ठेवली, दोरीने आवळली.

नऊ दिवसांसाठी.

मग विमानं बंद. कॅसिनो बंद. काम बंद.

१८ जून

शुक्रवार. बॅरी शुक्रवारी दहा मिनिटं आत सोडतो. नियम म्हणून पिवळं हेल्मेट आणि हिरवं जॅकेट. पंजाबी ड्रेसवर ते ध्यान! दीनानाथ बघून हसले असते.

झाड यंदा माजलंय. इथे जून म्हणजे थंडी, तरी नवी पालवी. पूर्वी या भागातली वीस-पंचवीस घरं पाला न्यायची, आता कुंपणामुळे कोणी येत नाही. मी स्वतः तेव्हापासून एक पान तोडलेलं नाही. फोडणीला सुका पाला, पाकिटातला. वास नाही, काही नाही.

बॅरीने आज सांगितलं, त्याची बायको जीन कपडे धुवायच्या खोलीत, कपाटात आहे. साबणाच्या वरच्या फळीवर. सहा वर्षं.

"घरात?" मी ओरडलेच.

"झाडावर?" तो म्हणाला. "पावसात?"



३ जुलै

लेकीचा, मयूराचा फोन, दूर क्रेगीबर्नहून. "आई, कोणाला सांगू नकोस हं असं झाडावर वगैरे. इट्स वीअर्ड. इथल्या समुद्रात सोड ना, बाबांना आवडायचा."

आवडायचा बघायला. त्या पाण्यात दोनशे हॉटेलांचं सांडपाणी जातं म्हणायचे.

मागून स्पृहा — नात, आठ वर्षांची — "आजी, इज आबा इन अ ट्रीहाऊस?"

हो गं बाई. ट्रीहाऊसच.

१९ जुलै

गेटवर पाटी लागली! नवा आराखडा, आधीपेक्षा चार मजले जास्त. काम लवकरच. हरकत असल्यास अमुक तारखेपर्यंत लेखी कळवा. शेवटच्या ओळीत — अस्तित्वातील झाडे काढणे.

उभ्या उभ्या दोनदा वाचली. मी मॅट्रिक. इंग्रजी शिकले ते लायब्ररीतल्या मोठ्या टायपाच्या पुस्तकांवर, एका मांडीवर शब्दकोश ठेवून. पण अशी पाटी आता मला बिनशब्दकोशाची कळते.

बॅरीला म्हटलं, कुंडी काढून दे. म्हणाला, लगेच देतो, ठेवणार कुठे? तेच तर! या बिल्डिंगला झाड नाही. बागेत बांधली तर कोणीतरी बॉम्ब समजून पोलीस बोलावेल. घरात नाही. नाही म्हणजे नाही.

खालची चारुता जिन्यात भेटली. नाचायची बाकी होती. तिचा नवरा अपूर्व याच साइटवर इंजिनियर होता. काम थांबलं तसा गोदामात खोकी उचलतोय. तिचीही हॉटेलातली नोकरी गेली. "काकू, बोर्ड पाहिलात? चालू होणार! मी सोळा सोमवार धरलेत."

मी म्हटलं, "छान झालं हो."

 

१ ऑगस्ट

पुन्हा लॉकडाउन. फिरायला तेवढं सोडतात. कॅसिनोपर्यंत चालत गेले. बुफेच्या काचेला आतून कागद चिकटवलाय. जपानी हॉटेल बंद, खेळण्यांचं दुकान बंद, लग्नाच्या कपड्यांचं बंद — पुतळे मात्र आत, विवस्त्र. कॅसिनोच्या नावातली दोन अक्षरं विझलीत. कचऱ्याच्या डब्यावर ते लांब चोचीचे पांढरे पक्षी. त्यांचं तेवढं बरं चाललंय.

बावीस वर्षं या इमारतीने आम्हाला जेवायला घातलं. तिच्याकडे बघवेना. आणि तरी मला वाटतं सगळं असंच राहावं! बंद. विझलेलं. कोणाचं भलं चिंतत नाही मी असं कधी झालं नव्हतं.

५ ऑगस्ट

पाठवली हरकत. इंग्रजीत, दीड पान. झाड किती जुनं, सावली किती, किती घरं पाला नेत. एक शब्द खोटा नाही. एक गोष्ट सोडून सगळं लिहिलं.

२७ ऑगस्ट

कौन्सिलने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, बिल्डरकडे झाडाचा तज्ज्ञ अहवाल मागवलाय. बॅरी म्हणाला, महिना-दीड महिना तरी जाईल. "कोणीतरी तक्रार केली म्हणे." माझ्याकडे बघितलंच नाही त्याने. मुद्दाम.

आज दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

१० सप्टेंबर

चारुताकडे गणपती. पाच माणसं, मास्क लावून आरती. ती डोळे मिटून काय मागत होती ते सगळ्यांना माहीत. मी काय मागत होते ते त्याला एकट्याला. एकाच घरात, एकाच आरतीला, दोन टोकांच्या मागण्या. करणार काय बिचारा!

११ सप्टेंबर

सकाळी चारुता वर आली. हातात लॅपटॉप. बसली नाही.

"काकू, कौन्सिलच्या साइटवर सगळी पत्रं असतात. नावासकट."

मला माहीत नव्हतं! मला वाटलं, पत्र म्हणजे ज्याला लिहिलं त्यानेच वाचायचं.

"अपूर्वला बोलावलं होतं त्यांनी. एक सप्टेंबरपासून. ते पुढे ढकललं. एका झाडासाठी? काकू, तुम्ही काल माझ्याकडे मोदक खाल्लेत."

 ती दारापर्यंत गेली. मग मीच म्हटलं, "चारुता, झाडावर तुझे काका आहेत."

तिला वाटलं असणार, म्हातारी सरकली. तिला खिडकीत नेलं. दाखवलं. चोवीस मार्चचं तिकीट दाखवलं, कपाटात अजून आहे.

तिने तिकीट दोनदा वाचलं. मग, "आधी नाही सांगायचं? आम्ही काय परके?" आणि रडायला लागली. मग मी. मग मध्येच तिचा तोंडावर हात — "अगं बाई! मी त्या कुंपणाला टेकून रोज बहिणीला फोन करते. सासूबाईंचा उद्धार करते! काकांनी सगळं ऐकलं असेल."

"ते ऐकून घेतात गं," म्हटलं. "सांगत नाहीत कोणाला."

पुष्कळ दिवसांनी या घरात कोणी हसलं.

१३ सप्टेंबर

हरकत मागे घेतली. तीन ओळी. पहिल्या पत्राला चार दिवस लागले होते, याला दहा मिनिटं. 

अपूर्वने कबूल केलंय — झाड काढायच्या आधी कुंडी तो स्वतः उतरवणार, त्याच क्षणी माझ्या हातात.

२२ सप्टेंबर

पितृपक्ष. ज्याच्या अस्थी अजून झाडावर, त्याचं पान कुठे वाढायचं? कोणाला विचारणार?

१ नोव्हेंबर

देशाबाहेर जायला आता परवानगी लागत नाही. बातम्यांत विमानतळावरची माणसं गळ्यात पडून रडत होती. मयूराचा लगेच फोन, "आई, आता बुक कर." नाशिकहून दिराचा — संजीवभावजींचा — "वहिनी, केव्हा येताय? गुरुजींना सांगून ठेवतो."

बघते म्हटलं.

९ नोव्हेंबर

दीड वर्ष म्हणत होते, दार उघडलं की निघेन. उघडून आठ दिवस झाले. मी पडदे धुतले. डबे पुसले. लायब्ररीतून चार पुस्तकं आणली आणि एकाचंही पान उलटलं नाही. एजंटला फोन सोडून सगळं केलं.

काय झालंय मला? सकाळी उठायचं, खिडकी उघडायची, कुंडी आहे ना बघायचं, मग दात घासायचे. गोदावरीत सोडलं की उद्या खिडकी उघडून काय बघू?

नाशिकच्या घाटावर ते एक क्षण असतील. इथे रोज आहेत. हे कोणाला सांगता येत नाही.

१२ नोव्हेंबर

अपूर्वला पत्र आलं! कामावर हजर. चोवीसला मशीन येणार, पहिल्या दिवशी कोपरा साफ करणार. चारुताने शिरा केला. मी केला फोन — एजंटला. चोवीसचीच रात्र, सिंगापूरमार्गे.

झालं एकदाचं.

१९ नोव्हेंबर

शेवटचा शुक्रवार. बॅरीने दहाची वीस मिनिटं केली. खाली उभी राहून वर बघत होते. पालवीत कुंडी दिसतही नाही नीट, एप्रनचं फडकं काळं पडलंय. म्हटलं, चला. पुष्कळ दिवस टांगून ठेवलं तुम्हाला.

बॅरी म्हणाला, "त्याला जागा आवडली होती, शेला."

पितळेचा डबा घासून ठेवलाय. वर लाल फडकं. विमानात मांडीवर घेऊन बसणार. सामानात नाही.

२४ नोव्हेंबर

अपूर्व शिडीवरून म्हणाला, "काकू, हलकी आहे." मला वाटलं तरणा मुलगा, त्याला काय जड. हातात घेतली. माझं बोट खालून थेट आत गेलं. कणीक कधीच मुंग्यांनी नेलेली. आत ओला फडक्याचा गोळा, दुसरं काही नाही. वीस महिन्यांचा पाऊस. मी वर बघत होते, ते खाली होते.

बुंध्याशी बसले. माती पांढुरकी, त्यात बोटबोट पोपटी फुटवे. सहावा मजला म्हणत होते, तळाला जाऊन बसले.

"काकू, मशीन थांबवू?" अपूर्वने विचारलं. चारुता कुंपणाबाहेर, श्वास रोखून.

"नको," म्हटलं. "चालू दे."

एक डहाळी तोडली. घेऊन आले. घरात.