तारीख गेली

सोमवार, २४ नोव्हेंबर २०२५
शाळा, मधली सुट्टी

सौ. सिंधुताई यांस,

विजयमालाचा नमस्कार. तुम्ही, बंकटराव आणि अंजली तिकडे बरे असाल. आम्ही इकडे बरे आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते.

तुमच्या सासूबाईंच्या गुडघ्याची सूज उतरली. दगडाबाई काल स्वतः चालत शाळेपर्यंत आल्या आणि मला दम देऊन गेल्या, "माझ्या नातीला चिठ्ठी लिव्हा. लई दिस झाले, फोनवर ती नीट बोलतच न्हाई." शेळी व्यायली आहे. दोन करडं, दोन्ही काळी. त्यातलं एक लंगडतं, पण दूध पितं.

तानाजी आज पाच वाजता पिकअप घेऊन तुमच्या ऊसतोडीच्या टोळीकडे निघतोय. गावात घरोघर फिरून ज्याची त्याची पिठं, चटण्या, स्वेटर गोळा करतोय. त्याच्याच हाती हे देते. आजकाल पत्र कोण लिहितं, असं तुम्ही म्हणाल. पण फोन केला की तुम्ही "बरं बाई, व्हय बाई" म्हणून ठेवून देता, आणि अंजली फोनवर येत नाही. चार वेळा केला. चारही वेळा ती मोळ्या बांधत होती. एकदा तर मागून तिचाच आवाज आला, "सांग, मोळ्या बांधतीय म्हणून." माझे कान अजून शाबूत आहेत, सिंधुताई.

मला तुमचा राग आला आहे. तो आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल. तीन वर्षं तुम्ही ऊसतोडीला जाताना पोरीला आजीजवळ ठेवून गेलात. "बाई, पोरगी तुमच्या वटीत घातली," असं तुम्हीच शाळेच्या फाटकाशी म्हणाला होतात. मग यंदा दिवाळी होताच मला न विचारता तिला टोळीबरोबर कावून नेलंत? (बघा, तुमच्याशी बोलताना मीही 'का'चं 'कावून' लिहायला लागले.) लोकांना मी सांगते की सिंधुताईंची कंबर धरली आहे, हाताखाली कुणीतरी हवं होतं. खरं आहे का ते? आठवीचं वर्ष आहे. त्या पोरीच्या हातात कोयता शोभतो का?

कामाचं असं आहे. ती बीडपलीकडची निवासी शाळा, जिथं परीक्षा घेऊन सहावीत आणि नववीत मुलं घेतात, तिचा नववीचा फॉर्म निघाला आहे. शेवटची तारीख पाच डिसेंबर. आज चोवीस. राहणं, जेवण, पुस्तकं सगळं त्यांचं. अंजलीसारख्या मुलींसाठीच ती शाळा काढली असावी. मागे पाचवीत असताना साईट बंद पडून तारीख गेली होती, तुम्हाला आठवत असेल. नसेल आठवत तर राहू द्या.

घंटा झाली.

—

सव्वातीन. मध्ये उठावं लागलं. तिसरी-चौथीच्या पोरांनी खडूंची मारामारी केली. ही पोरं अशी नव्हती. म्हणजे अशीच होती, पण अंजली त्यांच्यापुढे उभी राहायची तेव्हा गप्प बसायची.

हे तुम्हाला माहीत आहे का, मला ठाऊक नाही. दोन शिक्षकांची शाळा, आठ वर्ग, आणि मुख्याध्यापकाचा कारभारही माझ्याच गळ्यात. वर रोज मोबाइलवर कसली ना कसली माहिती भरून मागतात. त्यामुळं सहावीपासून रोज दोन तास ती धाकट्यांना शिकवायची आणि मी माहिती भरायची. सातवीत तर माहितीही तीच भरायला लागली. माझ्यापेक्षा तिचा हात झरझर चालतो. मी सगळ्यांना कौतुकानं सांगायची, "ही आमची छोटी बाई." साहेब आले की तिला उभं करायचं, एकोणतीसचा पाढा उलटा म्हणायला लावायचा. साहेब खूश, मी खूश. ती पाढा म्हणताना खिडकीतून बाहेर बघायची. मला वाटायचं, लाजते.

हुशार मुलाला काही लागत नाही, ते आपोआप वाढतं, असं आम्हा मास्तर लोकांचं एक सोयीचं मत असतं. बाभळीला कोण पाणी घालतं, म्हणतात ना, तसं. ती दोन वर्षं सगळ्यांना शिकवत होती. तिला कोण शिकवत होतं, हे विचारायचं माझ्याच्यानं झालं नाही.

सातवीत एकदा तिनं विचारलं, "बाई, उणेला उणेनं गुणलं तर अधिक कसं व्हतं?" मी म्हटलं, नियमच आहे तसा, पाठ कर. आठवडाभरानं मी व्हरांड्यातून जात होते, तर आत ती वर्गातल्या दोघींना सांगत होती, "आपल्या टाकीतून रोज दोन हंडे पाणी कमी व्हतंय. कमी व्हतंय म्हणून उणे दोन. आता पुढं नको, मागं जा. तीन दिस मागं, म्हणजे उणे तीन. तवा टाकीत किती जास्त व्हतं? सहा हंडे. झालं की अधिक सहा!" मी तिथंच उभी राहिले. वीस वर्षं शिकवतेय, मला हे सुचलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात आष्टीला आमची शिक्षण परिषद होती. तिथं मी उठून हंड्यांचं उदाहरण सांगितलं. टाळ्या पडल्या. हे कुणाचं, ते सांगितलं नाही. एका मास्तरानं माझा व्हिडिओ काढून गटावर टाकला आणि तो अंजलीनंच मला लावून दाखवला, कारण मोबाइल तिच्याच हातात असायचा. तिनं शेवटपर्यंत पाहिला आणि म्हणाली, "बाई, तुमी तीन हंडे म्हणलात. दोन पायजे व्हतं." बस, इतकंच.

हे लिहिल्यावर हलकं वाटेल असं वाटलं होतं. वाटत नाही. दोनदा उठून माठाचं पाणी पिऊन आले, पुन्हा बसले. तानाजी फाटकातून विचारून गेला, "बाई, झाली का चिठ्ठी?" त्याला म्हटलं, पाच म्हणजे पाच, आधी हॉर्न वाजवायचा नाही.

सिंधुताई, अंजलीनं तुम्हाला काही सांगितलं आहे का? नसेल. तिचा स्वभाव मला माहीत आहे. आणि सांगितलं असेल तर मी वर जो राग लिहिला, तो वाचून तुम्ही दोघी हसला असाल. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

तिला तुम्ही नेलं नाही. ती आपणहून निघाली. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

सहामाहीला गणिताच्या पेपरावर तिनं नाव लिहिलं, इयत्ता लिहिली आणि पूर्ण कागद कोरा ठेवून तळाशी दोन शब्द लिहिले, "तारीख गेली." मी तिला बाहेर बोलावलं. शाळेची अब्रू घालवतेस का, म्हणाले. इतकी हुशार पोर आणि हे काय, म्हणाले. ती शांतपणे म्हणाली, "बाई, मला हुशार ऱ्हायचं न्हाई आता." तो पेपर मी निकालात धरला नाही. माझ्या पर्समध्ये आहे. दोन महिने होत आले, बाहेर काढत नाही आणि टाकतही नाही.

ती ते का म्हणाली, ते आता लिहिते. लिहिलं नाही तर तानाजी निघून जाईल आणि मी पुन्हा आम्ही बरे आहोत म्हणत बसेन.

सहामाहीच्या आठ दिवस आधी मी तिला कपाट आवरायला सांगितलं होतं. माझं कपाट, माझ्या फायली. शिक्षिकेच्या फायली पोरीनं आवरायच्या, यात मला काही वावगं वाटेनासं झालं होतं. तळाच्या फायलीत तिला तिचा पाचवीचा फॉर्म सापडला. दोन वेण्यांचा फोटो चिकटवलेला, तिची सही, तुमची सही. शाळेच्या शिक्क्याची जागा कोरी.

साईट बंद पडली नव्हती, सिंधुताई. तारीख गेली नव्हती. मीच जाऊ दिली.

तेव्हा आपल्या शाळेचा पट वीस होता. वीसच्या आतल्या शाळा बंद होणार, अशी आवई उठली होती. अंजली गेली की एकोणीस. मी स्वतःशी म्हणाले, एका पोरीपायी एकोणीस पोरांची शाळा जायला नको. आजवर हेच स्वतःला सांगत आले. पण पट हे निमित्त होतं. वर्गात तिच्याकडे बघून शिकवलं की शिकवल्यासारखं वाटायचं. ती गेली असती तर माझ्यापुढं कुणी उरलं नसतं. मला ती हवी होती. ठेवून घेतली आणि मग खडू तिच्या हातात देऊन मी मोबाइल घेऊन बसले.

शेवटची तारीख गेल्यावर मी तुम्हाला कारखान्यावर फोन करून म्हणाले, साईट बंद पडली, तारीख गेली. तुम्ही म्हणालात, "आमच्या नशिबात न्हाई बाई. पर तुमी हाव ना तिला." मी हो म्हणाले.

आणखी एक. त्या फॉर्मवर अंगठा चालत नाही, असं मी म्हटलं होतं. म्हणून दहा वर्षांच्या त्या पोरीनं तुम्हाला पंधरा दिवस पाटीवर नाव गिरवायला लावलं होतं. चुलीपुढं, राखेतसुद्धा. तुम्ही शाळेत येऊन सही केलीत आणि दोघी हसत सुटलात. ती तुमची जन्मातली पहिली सही. ती मी तीन वर्षं कपाटात कोंडून ठेवली. अंजलीनं तो कागद पाहिला. सरळ करून फायलीत सगळ्यात वर ठेवला, मला दिसेल असा.

—

पावणेपाच.

अंजली, आता तुझ्याशी.

हे पत्र आईला तूच वाचून दाखवणार, हे पहिल्या ओळीपासून मला माहीत होतं. शाळेच्या चिठ्ठ्या वाचताना तू कडू तेवढं गाळतेस, हेही माहीत आहे. या वेळी गाळू नकोस. मला वाचवायला तर मुळीच नको. आईला सगळं मोठ्यानं वाच, आणि आतापर्यंत मनात वाचलं असशील तर पुन्हा वरपासून सुरुवात कर.

सोबत तीन कागद आहेत. पहिला तुझा जुना फॉर्म. तो आईचा आहे. ती ठेवेल, फाडेल, चुलीत घालेल. माझ्या कपाटात तो राहता कामा नये.

दुसरं, शिक्षण हमी कार्ड. हे दाखवलं की कारखान्याजवळची शाळा तुला आठवीत बसवून घेते. तू गेलीस त्याच दिवशी मी ते द्यायला हवं होतं. महिनाभर दिलं नाही, कारण वाटलं, वर्ग बुडाला की कंटाळून परत येशील. म्हणजे मी पुन्हा तेच केलं बघ. उद्यापासून तिथल्या शाळेत जा, आणि तिथं कुणी तुला बाकीच्यांना शिकवायला उभं केलं तर म्हण, आधी मला शिकवा.

तिसरा नववीचा फॉर्म. शाळेचा भाग मी भरला आहे, सही आणि शिक्का आज सकाळीच मारला. उरल्या दोन जागा, एक तुझी, एक आईची. बाबांच्या मोबाइलवर फोटो काढून तूच भर. तुला येतं, शाळेची सगळी माहिती तूच भरलीस. कागद मला परत पाठवू नकोस. यापुढं तुझा कुठलाही कागद माझ्या हातून जायची गरज नाही.

आणि भरायचा नसेल तर नको भरूस. मी हे मनापासून लिहितेय का? नाही. मला तू तिथं जायला हवी आहेस. इतकी हवी आहेस की सकाळपासून एका जागी बसवत नाही. पण तू हुशार आहेस म्हणून तू कुणाचं काही देणं लागत नाहीस. शाळेचं नाही, गावाचं नाही, माझं तर अजिबात नाही. परीक्षेला बीडला न्यायला मी येईन, तुम्ही बोलावलंत तर. नाही बोलावलंत तर येणार नाही.

सिंधुताई, तुमची माफी मागायची आहे. ती पत्रात मागणं बरं नाही, इतपत मला कळतं. तुम्ही परत याल तेव्हा फाटकाशी या. तुम्ही जिथं उभं राहून पोरगी माझ्या ओटीत घातली होतीत, तिथंच उभी राहीन, आणि तुम्ही जे बोलाल ते ऐकेन. दगडाबाईंना मी आज संध्याकाळीच सगळं सांगणार आहे. त्या काठी घेऊन ऐकतील, घेऊ द्या.

तानाजी हॉर्न वाजवतोय. काळं पेन सोबत दिलं आहे, फॉर्मवर निळं चालत नाही. सही करताना घाई करू नका, पाच तारखेपर्यंत वेळ आहे. साईट सुरू आहे, मी आत्ताच पाहिली.

एवढी वर्षं चिठ्ठीखाली "अंजलीच्या बाई" लिहायची सवय होती. आज ते लिहायचा हक्क वाटत नाही, म्हणून नुसतं नाव लिहिते.

विजयमाला