पराभव नसलेली तारीख

१ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी ९.२०
सावनेरहून रुपरावांचा फोन. साक्षगंधापर्यंत मला साहेब म्हणायचे, आज इवाई म्हणाले, म्हणजे व्याही. बरं वाटलं. त्यांच्या रोशनची सुट्टी मंजूर झाली, १५ नोव्हेंबर ते १० डिसेंबर. फौजेतली सुट्टी पुन्हा कधी मिळेल सांगता येत नाही, म्हणून लग्न याच सुट्टीत उरकायचं. तारीख मुलीच्या बापाने ठरवावी. म्हणाले, आमचं काही मुहूर्त-बिहूर्त नाही, तुम्ही सांगान तो दिवस.

आमचंही नाही. आजोबांनी छप्पन साली धम्मदीक्षा घेतली त्याच दिवशी पंचांग घराबाहेर गेलं. मेघाच्या लग्नाची तारीख मी शुद्ध विवेकाने ठरवणार. सोमवारपर्यंत कळवतो म्हणालो. खरं तर उद्याच होईल.

२ नोव्हेंबर, रविवार
रजिस्टर काढलं. बावीस वर्षांचं काम आहे. एकेका तारखेला एकेक पान. त्या दिवशी जगात कुठे लढाई झाली, कोण जिंकलं, कोण बुडालं. कामठीच्या छावणीत एकतीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला लष्करी दृष्टी येतेच. मी पाणीपट्टीच्या टेबलावर होतो हा भाग वेगळा. खिडकीतून परेड दिसायची.

मुहूर्त ही अंधश्रद्धा. हा इतिहास आहे. ज्या दिवशी एखाद्या सैन्याचा पार धुव्वा उडाला, त्या दिवशी आपल्या एकुलत्या एका पोरीचं लग्न लावणं शहाण्या बापाला शोभत नाही. एवढंच माझं म्हणणं.

माझी बायको प्रेमिला म्हणाली, सोळा नोव्हेंबरले रविवार हाय, लग्नाचं लॉनही खाली हाय, करून टाका. बायकांना घाई फार. अभ्यासाला वेळ नको?

ठरलं. १६ डिसेंबर. १९७१, ढाका, त्र्याण्णव हजारांची शरणागती. याहून मोठी तारीख नाही.

त्याच दिवशी, दुपारी
सुट्टी १० डिसेंबरला संपते. हे प्रेमिलाच्या लक्षात आलं. माझ्याही आलंच असतं.
रोशनने सहा दिवस वाढवून मागावेत. कारण ऐकून त्याचे साहेब खूश होतील.

संध्याकाळी
मेघाने रोशनला फोनवर विचारलं. तो म्हणे, साहेबाले हे कारण मी नाही सांगू शकत.

४ नोव्हेंबर, मंगळवार
सोमवार हुकला. बीपी.
२३ नोव्हेंबरचा रविवार सगळ्यांना पसंत. पान उघडलं. १९४२, स्टालिनग्राड, रशियनांनी वेढा पूर्ण केला, आत अडीच-तीन लाख जर्मन. बाहेर पडायला रस्ता नाही, खायला अन्न नाही, वरून बर्फ. मी जेवताना हे सगळं समजावून सांगितलं. प्रेमिला म्हणाली, लग्नात असंच असते, तुमाले आता मालूम पडलं का?
तारीख बाद.

५ नोव्हेंबर, बुधवार
३० नोव्हेंबर, रविवार. १९३९, रशिया फिनलंडवर चालून गेला. पण फिनलंड चिवट लढलं. अर्धी बाद, अर्धी राखीव. पेन्सिलने खूण केली.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
आज घरात वादळ. मेघा लॅबमधून आली (रक्त तपासते, दिवसभर सुया टोचून पोरगी चिडचिडी झाली आहे) आणि म्हणाली, बाबा, सव्वीसले करू, संविधान दिन हाय. प्रेमिला तर उठून उभीच राहिली. म्हणे, याच्यापेक्षा चांगला दिवस कोणता वं!

मी शांतपणे सांगितलं की माझं संविधानाविरुद्ध काही नाही. पण त्याच २६ नोव्हेंबरला १८१२ साली नेपोलियनच्या फौजेने बेरेझिना नदी ओलांडायला घेतली आणि त्या नदीवर हजारो माणसं मेली. आणि त्याच २६ नोव्हेंबरला, १८१७ साली, आपल्याच सीताबर्डीच्या टेकडीवर इंग्रजांशी लढाई जुंपली, रात्रभर चालली आणि दुसऱ्या दिवशी भोसल्यांची फौज हरली. नागपुरात राहून हे विसरायचं?

प्रेमिला म्हणाली, भोसले हारले त्याच्यात माह्या पोरीचा काय गुन्हा? आणि तुमचा नेपोलियन काय जेवाले येऊन राहिला?

मग लॉनवाल्याला फोन केला तर २६ ला लॉन महिन्यापूर्वीच गेलेलं. म्हणजे माझंच बरोबर होतं. हे मी बोलून दाखवलं. दाखवायला नको होतं.

८ नोव्हेंबर, शनिवार. पहाटे
सापडली! २ डिसेंबर. १८०५, ऑस्टरलिट्झ, नेपोलियनचा सर्वांत देखणा विजय. शिवाय त्याच तारखेला वर्षभर आधी त्याचा राज्याभिषेक. मंगळवार आहे, पण विजय वार बघत नाही.

सकाळी १०
रुपरावांना कळवलं. त्यांनी तारीख पुन्हा विचारून घेतली. मग म्हणाले, इवाई, त्या दिवशी आमच्याकडे नगरपरिषदेचं मतदान हाय. रुपराव शाळेत मास्तर. त्यांची ड्युटी बूथवर. नवऱ्याचा बापच मतपेटीजवळ.
नेपोलियनला लोकशाहीने हरवलं.

१० नोव्हेंबर, सोमवार
भयंकर गोष्ट लक्षात आली. रशियाचं कॅलेंडर मागे होतं! १८१२ साली बारा दिवस, त्याआधी अकरा, नंतर तेरा. म्हणजे माझ्या रजिस्टरमधल्या रशियाच्या निम्म्या लढाया चुकीच्या पानावर असू शकतात. बावीस वर्षं मी कोणत्या कॅलेंडरने नोंदी करत होतो ते मलाच माहीत नाही.

रशियाची सगळी पानं नव्याने तपासायला हवीत. रोज चाळीस पानं. गुरुवारपर्यंत पूर्ण. तोवर तारीख सांगणं बेजबाबदारपणाचं होईल.

११ नोव्हेंबर
तीन पानं झाली.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
एकोणीस पानं. वेग वाढवायचा आहे.
लॉनवाल्याचा फोन, ३० तारीख दुसऱ्याने घेतली. फिनलंडही गेलं. ७ डिसेंबरचा रविवार उरला. ६ डिसेंबरला बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण, दुसऱ्याच दिवशी घरात बँड लावायचा का, असं प्रेमिला म्हणाली. हे मला पटलं. शिवाय सातलाच पर्ल हार्बर. आमचं दोघांचं एकमत झालं. हल्ली क्वचितच होतं.

जेवण झाल्यावर मेघा माझ्या खोलीत आली. दारातच उभी राहिली. म्हणाली, बाबा, प्रत्येक तारखेले कोणी नं कोणी हारलंच असन. आणि कोणी जिंकलंही असन. मंग तुम्ही शोधून काय राहिले?

पोरगी हुशार आहे, पण विषयाची खोली तिला कळत नाही. मी तिला बेरेझिनाचा नकाशा दाखवायला घेतला तोवर ती गेली होती.

१६ नोव्हेंबर, रविवार
रोशन काल सावनेरला पोचला, आज आमच्याकडे. उंच, बारीक, चेहरा उन्हाने भाजलेला. नोकरी सिक्कीमकडे, खूप वर. प्रेमिलाने सावजी मटण केलं. मी त्याच्यासाठी दोन तासांचे मुद्दे काढून ठेवले होते. शेवटी एकदाचा घरात असा माणूस येतो आहे ज्याच्याशी बरोबरीने बोलता येईल.

ऑस्टरलिट्झच्या धुक्यापर्यंत तो डोळे मिटून ऐकत होता. मग लक्षात आलं की झोपला आहे. दोन दिवस गाडीत उभा होता म्हणे. मेघाने येऊन त्याच्या अंगावर चादर टाकली आणि माझ्याकडे असं बघितलं की मी आवाज कमी केला.

उठल्यावर त्याला विचारलं, फौजेत कोणता दिवस चांगला मानतात? तो हसला. म्हणाला, मामाजी, ज्या दिवशी सुट्टीचं तिकीट कन्फर्म होते तो.
साधा मुलगा आहे. तयार करावा लागेल.

१८ नोव्हेंबर, मंगळवार. सायंकाळी ५
इतिहास घडला. तारीख पक्की. ४ डिसेंबर, गुरुवार! १९७१, आपल्या नौदलाने कराची बंदरावर हल्ला केला, आपलं नुकसान शून्य. आपला विजय, आपला देश, आणि त्या दिवशी पौर्णिमा. प्रेमिलासुद्धा म्हणाली, पौर्णिमा असन तं चांगलंच हाय. लग्न लावणारे भंतेजी मोकळे. गुरुवार म्हणून लॉन मिळालं. रुपराव म्हणाले, सुटलो बावा.

मेघा पहिल्यांदाच हसली. तिने लगेच रोशनला फोन लावला आणि गच्चीवर गेली. खाली बराच वेळ तिचं हसू ऐकू येत होतं. सगळे मला घाई करत होते. आज कोणी घाईचं नाव काढत नाही. पत्रिका छापायला टाकल्या, तीनशे. शुक्रवारी मिळणार.

संकल्प: लग्नात वधूपिता म्हणून दोन शब्द बोलायचे. पाऊण तास पुरेल.

२० नोव्हेंबर, गुरुवार. दुपारी
रोशनचा फोन आला. त्याला परत बोलावलं आहे. सुट्टी रद्द. २७ ला युनिटमध्ये हजर व्हायचं, म्हणजे २४ ची गाडी. कारण विचारलं तर म्हणाला, कारण नाही सांगत मामाजी, फक्त या म्हणते.

मी म्हणालो, त्यांना सांग की चार डिसेंबर नौदल दिन आहे. मग तो म्हणाला, मेघाले द्या.

मेघा फोन घेऊन आत गेली. दार लावलं. बाहेर आली तेव्हा रडलेली दिसत नव्हती. पण सरळ कामाला लागली, भांडी घासायला, जी सकाळीच घासून झाली होती.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
आज मला कोणी काही विचारलं नाही. प्रेमिलाने अर्ध्या तासात चार फोन केले. रविवारी २३ ला, सकाळी अकरा, आपल्याच विहारात. पन्नास माणसं. जेवण विहाराच्या अंगणात. मला फक्त कळवलं, शेजाऱ्याला कळवावं तसं.

२३ तारखेला स्टालिनग्राड आहे. मी बोललो नाही. बोलण्यासारखं तोंड होतं कुठे?

दुपारी पत्रिका आल्या. तीनशेच्या तीनशे पत्रिकांवर ४ डिसेंबर, सोनेरी अक्षरात. मी पेन घेऊन बसलो. ४ खोडून २३, डिसेंबर खोडून नोव्हेंबर. सोनेरी अक्षरावर शाई बसत नाही, घसरते. अकराव्या पत्रिकेला मेघाने हातातून पेन काढून घेतलं. रागावली नाही. म्हणाली, राहू द्या बाबा, सगळ्यायले व्हॉट्सअ‍ॅप केलं.
रागावली असती तर बरं झालं असतं.

२३ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळ
लग्न झालं.

मेघा पांढऱ्या साडीत. रोशनचा पांढरा शर्ट नवा, घड्या तशाच. भंतेजींनी त्रिशरण, पंचशील दिलं. पन्नास सांगितले, नव्वद आले, तरी वरण-भात पुरला. कसा पुरला ते प्रेमिलाला माहीत.

भंतेजी म्हणाले, वधूच्या पित्याने दोन शब्द बोलावेत. मी उभा राहिलो. आजच्या दिवशी, एवढं म्हणालो. पुढे त्या दिवसाबद्दल मला एकच गोष्ट येत होती, आणि ती सांगण्यासारखी नव्हती. समोर मेघा बसलेली. मी आता काय बोलतो या काळजीने ती माझ्याकडे बघत होती, रोशनचा हात घट्ट धरून. मी पुन्हा म्हणालो, आजच्या दिवशी. आणि खाली बसलो. रोशनची आई यमुताई बाजूच्या बाईला म्हणाली, बाप हाय नं, भरून आलं असन.
भरून आलंच होतं. पण लाजही तेवढीच वाटत होती.

२४ नोव्हेंबर, सोमवार. दुपारी ४
रोशनला गाडीत बसवून आलो. फलाटावर त्याच्यासारखी बरीच पोरं होती, हिरव्या बॅगा घेऊन. लग्नाला एक दिवस झाला आहे असं त्याच्याकडे बघून कोणाला वाटलं नसतं. पायरीवर उभा राहून मला म्हणाला, मामाजी, बीपीची गोळी घेत जाजा. मेघाशी काय बोलला ते मी ऐकलं नाही, लांब उभा होतो. गाडी गेली तरी ती हात हलवत नव्हती, नुसती बघत होती.

सोळाला हो म्हणालो असतो तर त्यांना आठ दिवस मिळाले असते. हे मला कोणी म्हणालं नाही. मीच हिशोब केला. सोळा तारखेचं पान मी त्या वेळी उघडून बघितलंसुद्धा नव्हतं.

उद्या ती सावनेरला जाईल, सासूसासऱ्यांकडे. आज इथे आहे. घरी आल्यावर माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. बऱ्याच दिवसांनी आपणहून बसली. म्हणाली, बाबा, तुमाले तं फौजेचं सगळं मालूम राहते. एवढ्या सगळ्या पोरायले एकदमच काहून बोलावलं असन? तिकडे काही होणार तं नाही नं?

मला काहीच माहीत नव्हतं. नाही होत, म्हणालो.
तिने विचारलं, नक्की?
मी हो म्हणालो. तिने मान हलवली, आणि मला दिसलं की तिने विश्वास ठेवला.