फक्त चुकलेली वाक्यं

बाई, तुम्ही जाऊन सोळा वर्षं झाली आणि मी आज पहिल्यांदाच तुम्हाला लिहितेय, तेही रागावून. तुमच्यावर रागवायची आमच्यात कुणाची टाप नव्हती, म्हणून आधीच सांगून टाकते. गेल्या शनिवारपासून माझं कशातच लक्ष नाही. नवरा म्हणतो, "सोड ना यार आता, किती दिवस धरून बसशील?" तो नागपूरचा, त्याला सगळं सोडता येतं. मला नाही येत.

मी कुठे आहे ते सांगते. अमेरिकेत, श्रूजबरी नावाच्या गावात. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही इथे आलो आणि माझ्या व्हिसावर मला नोकरी करायची परवानगी नाही. तीन वर्षं मी पोळ्या लाटल्या, ड्रायरमधून कपडे काढून घड्या घातल्या आणि लायब्ररीतली पुस्तकं आणून वाचली. मग एक दिवस तिथल्या काउंटरवरच्या बाईंनीच विचारलं, तुला फ्रेंच येतं ना? दर शनिवारी सकाळी काही लोक इंग्लिश शिकायला येतात, सगळे फ्रेंच बोलणारे आहेत, शिकवशील का? अहो, मी पार्किंगमध्ये गाडीत बसून रडले. तुम्ही आठवीपासून घोटून घेतलेलं फ्रेंच, ज्याला आमच्या घरी सगळे 'काय दिवे लावणार आहेस ते शिकून' म्हणायचे, ते इतक्या लांब येऊन कुणाच्या तरी उपयोगी पडणार होतं.

पाच जण होते. हैतीचा एक टॅक्सीवाला, कॅमेरूनचं एक तरुण जोडपं, हॉटेलात भांडी घासणारा एक अबोल माणूस, आणि कांगोच्या एक पन्नाशीच्या बाई. डोक्याला हिरवा रुमाल घट्ट बांधायच्या. त्यांना सगळे मादाम म्हणायचे, म्हणून मीही म्हणायचे. तुम्ही म्हणायचात तसंच आहे बघा, फ्रेंच माणसाला अर्धं इंग्लिश ओळखीचं वाटतं आणि तिथेच तो फसतो. त्यांच्याकडे 'लिब्रेरी' म्हणजे पुस्तकांचं दुकान, म्हणून टॅक्सीवाल्यानं पहिल्या दिवशी लायब्ररीत पुस्तकाची किंमत विचारली. त्यांच्याकडे 'अताँद्र' म्हणजे वाट बघणं, म्हणून ही मंडळी स्टॉपवर उभी राहून बस 'अटेंड' करतात. मी तुमच्यासारखी कार्डं केली. एका कार्डावर असे घोटाळ्याचे दोन शब्द, खाली दोन वाक्यं, कुठला शब्द कुठे बसतो ते त्यांनी निवडायचं. काय मजा यायची म्हणून सांगू! आठवडाभर मी शनिवारची वाट बघायचे.

आणि मी तुमचा शुक्रवारही उचलला. आठवतं ना? शुक्रवारी तुम्ही आमच्या वह्यांचा गठ्ठा घेऊन यायचात आणि त्यातली फक्त चुकलेली वाक्यं मोठ्यांदा वाचायचात. नाव घ्यायचं नाही. वर्गानं बरोबर शब्द सांगायचा. आम्ही हसून हसून बाकावर आडव्या व्हायचो. जिचं वाक्य तिचे कान लाल व्हायचे, पण तो शब्द ती जन्मात परत चुकायची नाही. इथेही तीन महिने तसंच चाललं होतं. टॅक्सीवाला तर स्वतःच्याच चुकांवर टेबल बडवून हसायचा.

मग मादामनी मला एक कागद दिला. वर्ग संपल्यावर बाजूला घेऊन, चार घड्या घातलेला. इथल्या एका शाळेत मदतनीस हवी होती, तिचा अर्ज. येता बुधवार सोडून त्याच्या पुढच्या बुधवारपर्यंत द्यायचा होता. "हे काम मला मिळायलाच हवं," एवढंच म्हणाल्या. मी तो घरी आणला, एकीकडे कुकर लावला, दुसरीकडे लाल पेन घेतलं आणि तिसरी शिट्टी व्हायच्या आत अकरा शब्दांना गोल केले. बाई, मी ते पत्र वाचलंच नाही हो. मी त्यातल्या चुका वाचल्या.

पुढच्या शनिवारी मी वर्गात तो कागद काढला. त्यांना विचारलंसुद्धा नाही. नाव घेत नाही म्हणजे झालं, असं मला वाटलं. एक चुकलेलं वाक्य वाचलं, सगळे हसले. दुसरं वाचलं, तिसरं वाचलं. मी आवाज काढून वाचत होते, तुमच्यासारख्या भुवया उडवत होते. मादाम दोन्ही हात टेबलावर ठेवून बसल्या होत्या. सहाव्या वाक्याला टॅक्सीवाला हसता हसता थांबला आणि फ्रेंचमध्ये म्हणाला, "आणि मधलं काय आहे?"

"मधलं बरोबर आहे," मी म्हणाले.

खरंच हे म्हणाले मी. वर हसलेसुद्धा.

त्यानं मादामकडे बघितलं. त्यांनी मान हलवली, तसा त्यानं माझ्या हातातून कागद घेतला आणि पहिल्यापासून वाचायला लागला, रस्त्यावरच्या पाट्या वाचतो तसा, एकेक शब्द. त्या बावीस वर्षं एका शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. बाई, मुख्याध्यापिका! आणि मी त्यांना हात वर केल्याशिवाय बोलू देत नव्हते. गावात सैनिक शिरले तेव्हा त्यांनी मुलांना वर्गात घेऊन दारं लावली. तीन दिवस. बाटलीच्या झाकणानं मोजून पाणी दिलं. त्यांचा मुलगा त्याच शाळेत गणित शिकवायचा. दुसऱ्या दिवशी तो पाणी आणायला म्हणून बाहेर गेला, तो आलाच नाही. त्यांनी मुलांना ते कळू दिलं नाही, त्यांच्याकडून पाढे म्हणून घेतले. आणि शेवटी लिहिलं होतं, म्हणून मला वाटतं की मी मुलांना शांत ठेवू शकेन.

त्या सगळ्या भागात एकही चूक नव्हती. म्हणूनच मला तो दिसला नव्हता.

माझ्याकडे कुणी बघेना. कॅमेरूनची ती पोरगी तोंडावर हात दाबून बसली होती. मादामनी कागदाची पुन्हा चार घड्या घातल्या, माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, "तेवढं दुरुस्त करून द्या." द्या म्हणाल्या हो. त्यांच्या मुलाच्या वयाच्या मला.

घरी आल्यावर मी सगळं तुमच्यावर ढकललं. नवऱ्याला नववीतली गोष्ट सांगितली. माझे वडील जाऊन महिना झाला होता, मी निबंधात त्यांच्याबद्दल लिहिलं होतं आणि तुम्ही त्यातली चुकलेली वाक्यं वाचलीत. वडिलांचा चष्मा अजून कपाटावर आहे, हे मला धड लिहिता आलं नव्हतं, आणि चाळीस मुली हसल्या होत्या. नवरा म्हणाला, "काय बाई होती यार!" मी मान डोलावली. ही गोष्ट मी नेहमी इथेच थांबवते. कॉलेजात थांबवली, सासरी थांबवली.

सोमवार मी कुणालाच सांगत नाही. सोमवारी तुम्ही वर्गात आलात, हजेरी घेतली नाहीत. फ्रेंचच्या तासाला मराठीचा शब्द तुम्हाला चालायचा नाही, आणि त्या दिवशी तुम्ही मराठीत बोललात. "शुक्रवारी मी एका मुलीच्या निबंधातल्या चुका वाचून दाखवल्या. तिनं काय लिहिलंय ते मी रात्री घरी वाचलं. माझं चुकलं." मग सगळ्यांदेखत माझ्या बाकाशी आलात आणि म्हणालात, "मला माफ कर हं बाळ." त्यानंतर तुम्ही तसा शुक्रवार पुन्हा कधी घेतला नाहीत. तुम्ही टाकून दिलेलं मी इथे घेऊन आले आणि तुमच्या नावावर खपवलं.

मी अर्ज दुरुस्त केला, टाइप केला आणि सोमवारी नवऱ्याच्या हाती लायब्ररीत पोचवला. पाकिटात माझा असा एक शब्द नाही. खरं तर हे पत्र मादामना लिहायला हवं, फ्रेंचमध्ये लिहायला हवं, मला येतं. पण त्या उत्तर देतील. तुम्ही देणार नाही, म्हणून तुम्हाला लिहीत बसलेय.

आज शनिवार. सकाळी मी फोन करून ताप आहे म्हणून सांगितलं. दुपारी लायब्ररीतून त्या बाईंचा फोन आला, तब्येत विचारायला. म्हणाल्या, पाचही जण आले होते. थोडा वेळ वाट बघितली, मग हिरव्या रुमालवाल्या बाईंनी तुझा कार्डांचा डबा उघडला आणि त्यांनीच वर्ग घेतला. फार छान घेतला म्हणे, तू काळजी करू नकोस, आराम कर.

बाई, मला लाज वाटली. भयंकर वाटली, अजून वाटतेय. पण ती नंतर. फोन कानाला होता तेव्हा माझ्या मनात जे पहिलं आलं ते हे, की त्यांना स्वतःलाच ते शब्द येत नाहीत, त्या सगळ्यांना चुकीचं शिकवतील.