शनिवारच्या ओळीतला शेरा

ती. मामांना आणि ती. मामींना, दोघांनाही वेगवेगळा वाकून नमस्कार. (गेल्या पत्रात दोघांना मिळून एकच केला होता. त्यातला मामींच्या वाट्याचा पोचला नाही असं ताईने कळवलं.) मामा, तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला गेला का? इकडे थंडी सुरू झाली आहे, आणि ती नेमकी किती सुरू झाली आहे हे मी दशांशापर्यंत सांगू शकतो, कारण आता तेच माझं काम आहे. माझी तब्येत तशी बरी आहे. भूक कमी, झोप कमी, कान मात्र फार तीक्ष्ण झाले आहेत.

तुम्ही मला हवामान कचेरीत चिकटवलंत त्याला येत्या महिन्यात वर्ष होईल. नववीत शाळा सुटलेल्या मुलाला केवळ अक्षर आणि शुद्धलेखन पाहून कोणी घेत नाही; तुमचा शब्द होता म्हणून घेतलं. मी तो खाली पडू दिलेला नाही. रोज सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी साडेपाचला मी मागच्या आवारात जातो. तिथे चार पायांवर उभी, झडपांची पांढरी लाकडी पेटी आहे. (दुरून ती कोणीतरी वाकून उभं असल्यासारखी दिसते, म्हणून मी तिच्याकडे दुरून बघत नाही.) आत तापमापक आहेत. शेजारी पर्जन्यमापक, आणि खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारा पत्र्याचा कोंबडा. कचेरीच्या मागच्या दारापासून पेटीपर्यंत बत्तीस पावलं. आकडे नोंदवहीत लिहायचे, शेवटच्या रकान्यात काही विशेष असेल तर शेरा लिहायचा, आणि परत बत्तीस पावलं. याशिवाय दर सोमवारी मोठ्या कचेरीतून फोनवर येत्या आठवड्याचा अंदाज येतो, तो मी फाटकावरच्या फळ्यावर खडूने लिहितो. कचेरीचा एक नियम आहे, आणि तो साहेबांनी मला पहिल्याच दिवशी तीनदा सांगितला: एकदा लिहिलेला अंदाज आठवडा संपेपर्यंत पुसायचा नाही. नाहीतर लोक म्हणतात, हे आधी आकाश बघतात आणि मग फळा दुरुस्त करतात.

तर या सोमवारी फोन बंद पडला. साहेब दौऱ्यावर होते. जाताना म्हणाले होते, "फळा कोरा दिसला तर तुझी जागा कोरी करीन." मी दुपारपर्यंत रिसीव्हर कानाला लावून बसलो. आत काहीतरी घरघरत होतं, पण त्यात अंदाज नव्हता. समोरचा लॉन्ड्रीवाला दोनदा येऊन गेला. (त्याचे वाळत घालायचे कपडे आमच्या फळ्यावर अवलंबून असतात. तो मला 'अंदाजे' म्हणतो. मी त्याला काही म्हणत नाही, माझे दोन सदरे त्याच्याकडे आहेत.) शेवटी मला वाटलं, थंडी काय, दरवर्षीची तीच. मी कपाटातून गेल्या वर्षीची नोंदवही काढली आणि त्यातला हाच आठवडा, सोमवार ते शनिवार, फळ्यावर उतरवून काढला. रविवारची ओळ कोरी होती, म्हणून तिथे 'रविवार: साधारण' असं लिहिलं. अक्षर माझ्या आधीच्या निरीक्षकांचं, जरा डावीकडे झुकणारं, पण सुवाच्य. मामा, माझी एक खोड तुम्हाला माहीत आहे. लिहिताना मी अर्थाकडे बघत नाही, अक्षराकडे बघतो. त्या नादात मी आकड्यांच्या पुढचा शेऱ्याचा रकानाही जसाच्या तसा उतरवला. स्टुलावरून खाली उतरून दोन पावलं मागे झालो, सगळे उकार वेलांट्या तपासल्या, समाधान वाटलं, आणि मग पहिल्यांदा वाचलं.

मंगळवारपुढे लिहिलं होतं: 'आकाश निरभ्र. किमान ७.१. पर्जन्यमापकात चिमणी मृत.' बुधवारपुढे: 'किमान ६.३. वारा नाही. कोंबडा कचेरीकडे तोंड करून अडकला.' गुरुवारी धुक्यास सुरुवात, रस्ता दिसत नाही. शुक्रवारी कुंपण दिसत नाही. आणि शनिवारी: 'दाट धुके. किमान ४.२. पेटी दिसत नाही. निरीक्षक गैरहजर.'

पुसायचं नाही हा नियम, तेव्हा पुसलं नाही. लॉन्ड्रीवाल्याने मोठ्याने वाचून दाखवलं, येणाऱ्याजाणाऱ्यांना थांबवून पुन्हा वाचून दाखवलं, आणि म्हणाला, "वा अंदाजे! माणसांच्या रजासुद्धा आता आठवडाभर आधी कळायला लागल्या!" मीही हसलो. (सोमवार संध्याकाळपर्यंत मी बऱ्यापैकी हसत होतो.)

मंगळवारी सकाळी साडेआठला पारा ७.१ वर होता. जवळपास नाही, ७.१ वर. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग पर्जन्यमापकाकडे जायचं नाही असं ठरवलं आणि गेलो. ती होती. नळकांड्याच्या गळ्यात, पंख नीट मिटून, जणू कोणी घडी घालून ठेवली होती. मी तिला रुमालात घेतलं आणि कुंपणाशी पुरलं, आणि तिथे माती आधीच एकदा खणलेली होती, ती खणताना आत एक जुना, कुजलेला रुमाल लागला. तो मी परत तसाच झाकला. शेरा लिहायला वही उघडली तर दुसरे शब्द सुचेनात. तेच लिहिले.

दुपारी साहेब दौऱ्यावरून आले, फळ्यापाशी बराच वेळ थांबले आणि मला आत बोलावलं. चिमणीबद्दल एक अक्षर नाही. म्हणाले, "शनिवारच्या रजेचा अर्ज कुठे आहे?" मी म्हटलं, मी रजा घेत नाही. म्हणाले, "फाटकावर लावून ठेवलंय आणि घेत नाही? मोठ्या कचेरीचा अंदाज खोटा ठरवणार तू?" फोन बंद होता हे सांगायचं धाडस मला झालं नाही. मग मी म्हटलं, बरं, अर्ज देतो. (रजा मंजूर झाली असती तर सगळंच सुटलं असतं. गैरहजर, पण रीतसर.) तर म्हणाले, "अर्ज सात दिवस आधी द्यावा लागतो. उशीर झाला." म्हणजे, मामा, माझी गैरहजेरी जाहीर झाली आहे आणि रजा नामंजूर झाली आहे. न गेलो तर फळा खरा होतो आणि नोकरी जाते. गेलो तर बाहेर ते धुकं.

आज बुधवार. पारा ६.३. वारा अजिबात नाही, आणि कोंबडा कचेरीकडे तोंड करून अडकला आहे. कचेरीला मागे चार खिडक्या आहेत. तो माझ्या खिडकीकडे बघतो आहे. शिपाईकाकांनी बांबूने ढोसून पाहिलं, हलला नाही. तेव्हा मी त्यांना सरळ विचारलं की आधीचे निरीक्षक गेले कुठे. काका एकतीस वर्षं इथे आहेत, त्यांना माणसांपेक्षा कुलपांची माहिती जास्त. म्हणाले, "गेले म्हणजे नोंद घ्यायला गेले. वही पेटीत सापडली. छत्री नाही सापडली." पुढे विचारलं तर किल्ल्या मोजायला लागले. साहेबांना विचारलं, तर म्हणाले, "बदली झाली." कुठे? "ते कळवतील."

आणि आता जे मला झोपू देत नाही ते लिहितो. मी गेल्या वर्षीची वही पुन्हा काढली. शनिवारची ती ओळ, 'निरीक्षक गैरहजर', त्याच डावीकडे झुकणाऱ्या अक्षरात आहे. वेळ घातली आहे, सकाळी ८.३०. खाली त्यांचीच सही. मामा, जो माणूस हजर नव्हता त्याने पारा वाचला, स्वतःला गैरहजर लिहिलं आणि सही केली. मी शाळेत फार शिकलो नाही, पण हे गणित मला तुमच्याइतकंच कळतं.

लॉन्ड्रीवाला कालपासून मला 'अंदाजेसाहेब' म्हणायला लागला आहे आणि उद्याच्या धुक्यासाठी त्याने आजच सगळ्या दोऱ्या काढून ठेवल्या. आधी चेष्टा करायचा ते बरं होतं. मी त्याला विनंती केली की शनिवारी सकाळी दोरीचं एक टोक माझ्या कमरेला बांधू आणि दुसरं तू दाराशी धरून उभा राहा. दोरी त्याने लगेच दिली. धरायला मात्र नाही म्हणाला. म्हणाला, "फळ्यावर लिहिलेलं खोटं करणारा मी कोण?"

बाकी सर्व क्षेम. मामींनी पाठवलेला स्वेटर घालतो आहे, हात थोडे लांब आहेत, थंडीत चालतात.

तुमचा आज्ञाधारक भाचा

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण वर लिहायचं राहिलं. मामा, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत इकडे या. दोरी आहे, फक्त तुम्ही हवे आहात. (मामी तुमच्या वजनाबद्दल जे काही बोलतात ते सगळं शनिवारी उपयोगी पडेल.) आणि एक विचारायचं आहे. 'जागा अचानक रिकामी झाली आहे, नशीब काढलंस' असं तुम्ही म्हणाला होतात. कशी रिकामी झाली, हे तुम्हाला ठाऊक होतं का? ठाऊक असेल तर प्रत्यक्षच सांगा, लिहू नका.

ता. क. दुसरा. साहेबांनी आत्ता बोलावून शाबासकी दिली. इतका अचूक अंदाज या कचेरीतून आजवर गेला नव्हता म्हणे. पुढच्या सोमवारीही असाच हवा. मी गेल्या वर्षीचा पुढचा आठवडा उघडून पाहिला. तीन आठवडे, मी रुजू झालो त्या दिवसापर्यंत, पानं कोरी आहेत.

ता. क. तिसरा, गुरुवार सकाळ. धुकं आलं. रस्ता दिसत नाही. काल संध्याकाळी मी या वर्षीच्या वहीत शनिवारच्या ओळीत ते दोन शब्द पेन्सिलीने, अगदी फिके, लिहून पाहिले होते. वेळ आलीच तर घाईत शुद्धलेखन चुकू नये, एवढ्यासाठीच. आज ते शाईत आहेत. अक्षर माझंच. तपासलं, एकही चूक नाही. आत्ता हे लिहीत असताना आवारातून पेटीच्या दाराची कडी वाजली. काका माझ्या शेजारीच बसले आहेत. त्यांनीही ऐकलं, पण ते किल्ल्या मोजत आहेत.

पोस्टाची पेटी रस्त्यापलीकडे, सतरा पावलांवर आहे. डाक नऊला निघते आणि उद्या सकाळी तुमच्याकडे पोचते, म्हणजे आत्ताच टाकायला हवं. दोरी कमरेला बांधली आहे, दुसरं टोक काकांच्या खुर्चीला. हे पत्र हातात पडलं, म्हणजे मी पलीकडे नक्की पोचलो होतो असं समजा, आणि निघा.